काळी-पिवळी, ॲप आणि हिशोबाचा कागद: टॅक्सीधंद्याचं नेमकं काय झालं?

डिलाईल रोड

गेल्या आठवड्यात माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत त्यांचा बिल्ला, परमिटच्या झेरॉक्स आणि लाल पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. संप लांबला तसे जुन्नरला गावी गेले, दीड वर्षाने परत आले आणि दुसऱ्याची टॅक्सी शिफ्टवर चालवायला घेतली. संध्याकाळी सात ते सकाळी सात. मालकाला रोजचा ठरलेला आकडा द्यायचा, पेट्रोल आपलं, उरेल ते घरी. १९९१ मध्ये स्वतःचं परमिट झालं. २००० साली कोरी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतली, तिची पूजा मी पाहिली आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून २०२० मध्ये ती मोडीत गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता उरलेल्याही रस्त्यावरून गेल्या. वडिलांनी त्यानंतर गाडी घेतली नाही.

वहीत रोजची एक ओळ. कुठून कुठे, किती, गॅस किती. २०१३ च्या वहीत दर दोन-तीन दिवसांनी 'विमानतळ ते वाशी', 'विमानतळ ते ठाणे' अशी रात्रीची लांब भाडी दिसतात. २०१५ पासून ती विरळ होतात. २०१७ च्या वहीत पानंच्या पानं 'व्हीटी ते फोर्ट', 'परळ ते केईएम', 'दादर ते हिंदमाता'. जवळची भाडी, वयस्कर माणसं, पेशंट. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांनी वडिलांना शेवटची काही वर्षं जगवलं.

'नवं तंत्रज्ञान आलं, जुनं गेलं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कायद्याने धावत होत्या. वडिलांच्या गाडीचा रंग सरकारने ठरवलेला, भाडं सरकारने ठरवलेलं, मीटर सील केलेला, परमिटं १९९७ पासून गोठवलेली. २००६ च्या योजनेतून फोनवर बोलावण्याच्या टॅक्सी आल्या, पुढच्या वर्षी मेरू आली, पण त्यांनाही परमिट आणि मीटर होतंच. ॲपवाल्या गाड्या बहुतेक टुरिस्ट परमिटवर आल्या. त्या परमिटला ना संख्येची मर्यादा, ना मीटर, ना ठरलेलं भाडं. ओला २०१० च्या डिसेंबरात मुंबईतच सुरू झाली, उबर २०१४ मध्ये इथे आली आणि या गाड्यांसाठी सरकारने शहर टॅक्सीचे नियम काढले २०१७ मध्ये. मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन गेलं.

अजून एक. पद्मिनीचा मीटर बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला असायचा. तो आकडा वडिलांनाही दिसायचा आणि मागे बसलेल्यालाही. शंका आली तर दरांचं कार्ड मागायचं. दोघांचा हिशोब एकाच जागी होता. आता तो कुठे आहे?

तुमचे अनुभव लिहा. चालक असाल तर नक्की लिहा.

अनुजा_ठाणे

दादा, वह्यांचं वाचून गलबलून आलं. पण प्रवासी ॲपकडे का गेले, हेही इथे नोंदलं जायला हवं.

२०१२ ते २०१५ मी रात्रपाळी करत होते. सुटायला साडेअकरा व्हायचे. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग उभी असायची आणि घर अडीच किलोमीटरवर म्हणून एकही यायचा नाही. 'जवळचं भाडं नाही', 'गॅस भरायचाय', 'त्या बाजूला नाही'. एकदा पावसात सात जणांनी नाकारलं आणि मी चालत निघाले. मागून दोन मुलं बाइकवर आली, शेजारून हळूहळू चालवत राहिली. एका मेडिकलच्या दुकानात शिरून मी भावाला फोन केला. पुढच्याच आठवड्यात ॲप घेतलं.

मला त्यात स्वस्ताई दिसली नव्हती. चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि आईच्या फोनवर पोचणारा नकाशा, यासाठी मी दुप्पट दिले असते. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपच्या गाडीत बलात्कार झाला तेव्हा तोही विश्वास हादरला, चालकाची पार्श्वभूमी तपासलीच नव्हती हे तेव्हा कळलं. तरीही रात्री साडेअकराला माझ्यासमोर दोनच पर्याय होते आणि त्यातला एक मला घेऊन जायलाच तयार नव्हता.

नाकारणाऱ्यावर कारवाई करणारी यंत्रणा कागदावर होती. मी दोनदा लेखी तक्रार दिली, उत्तर आलं नाही. स्टँडवरच्या बाकीच्या चालकांनी आणि संघटनांनी त्या एकाला तेव्हाच समज दिली असती तर बऱ्याच बायका तिथेच राहिल्या असत्या.

डिलाईल रोड

ताई, हे मान्य आहे, पूर्ण. वडील स्वतः या गोष्टीवरून स्टँडवर भांडायचे. शिफ्टवाला जवळचं भाडं का टाळतो त्याचं कारण मालकाला द्यायचा तो रोजचा आकडा. पण ते कारण पावसात उभ्या असलेल्या बाईला सांगण्यासारखं नाही.

चौदा पासिंग

मी ॲपवर चालवतो. पिंपरी-चिंचवड, २०१६ पासून. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

मूळ गाव परभणी जिल्ह्यात. चार एकर, तीही कोरडवाहू. २०१६ मध्ये मित्राने मोबाईल दाखवला, एका आठवड्याचे एकवीस हजार. मी डोळ्यांनी पाहिलं, खोटं नव्हतं. दिवसाच्या बारा ट्रिपा केल्या की वरचे पैसे मिळायचे. बायकोचे दागिने ठेवून डाऊन पेमेंट भरलं, हप्ता तेरा हजार आठशे. सहा महिने फार चांगले गेले. मग बाराच्या सोळा ट्रिपा झाल्या, मग वरचे पैसे अर्धे झाले, मग गेलेच. हप्ता तेवढाच राहिला.

आजचा दिवस सांगतो. सकाळी सहाला लॉगिन, रात्री आठला बंद. एकूण १५२ किलोमीटर फिरलो, त्यातले ५५ रिकामे. पिकअपला जाताना आणि भाडं सोडून परत येताना कुणी काही देत नाही. हातात आले १,९४०. गॅस ६५० चा. राहिले १,२९०. त्यातून हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग, जेवण, खोलीभाडं.

एका गिऱ्हाइकाने उतरताना विचारलं, 'दादा, ४१२ तुम्हाला मिळणार ना?' माझ्या मोबाईलवर २८७ होते. दोघांनी दोन्ही मोबाईल शेजारी धरून पाहिले. तोही गप्प, मीही गप्प. कर धरला तरी एवढा फरक कसा, ते विचारायला माणूसच नाही. ऑफिस होतं ते बंद झालं, आता चॅटवर लिहायचं आणि तेच तेच ठरलेलं उत्तर यायचं. मागे एकदा माझा आयडी नऊ दिवस बंद होता. कारण आजपर्यंत कळलेलं नाही.

मीटर दोघांना दिसायचा, हे तुम्ही लिहिलं त्याच्यासाठी एवढं टाईप केलं.

हिशोबनीस

या प्रतिसादाला नुसतं +१ देऊन पुढे जाववत नाही. दादा, लिहिलंत याबद्दल आभार.

ते एकवीस हजार कुठून येत होते ते सांगतो. प्रवाशाने दिलेल्या भाड्यातून नाही. ती गुंतवणूकदारांची रक्कम होती. प्रवाशाला खर्चापेक्षा कमी भाडं आणि चालकाला कमाईपेक्षा जास्त पैसे, दोन्ही एकाच वेळी द्यायचे, म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं गोळा होतात आणि बाहेरचा धंदा सुकतो. ओलाने २०१५ मध्ये टॅक्सीफॉरशुअर ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी बंद केली. सॉफ्टबँक ही जपानी गुंतवणूक कंपनी तर ओलातही मोठी भागीदार होती आणि २०१८ पासून उबरमध्येही. उबर २००९ ची, वर्षभराच्या कामकाजातला तिचा पहिला नफा २०२३ चा. चौदा वर्षं तोटा सोसण्याची ताकद असलेल्यासमोर वीस वर्षांच्या गाडीवर घर चालवणारा माणूस उभा होता. याला मी स्पर्धा म्हणत नाही.

काळी-पिवळीवाल्याला दर कमी करायचाही अधिकार नव्हता, हे लोक विसरतात. त्याचं भाडं समित्या ठरवायच्या, आधी हकीम, नंतर खटुआ. समोरचा निम्म्या दरात जात असताना याचा मीटर कायद्यानेच तेवढा पडायचा. पुढे पाऊस आला, समोरच्याचा दर अडीचपट झाला, तरी याचा तेवढाच.

म्हणून 'सरकार मध्ये पडलं की धंदा बिघडतो' हे वाक्य मला इथे लागू करता येत नाही. सरकार एकाच्या घरात पूर्ण बसलेलं होतं आणि दुसऱ्याच्या दारातही गेलं नव्हतं. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली नोव्हेंबर २०२० मध्ये. गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच भाडं आणि भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला. जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांत ही मर्यादा मूळ दराच्या दुपटीपर्यंत गेली. हा ८० टक्क्यांचा आकडा आणि वरचे ४१२ व २८७ शेजारी ठेवून बघा.

कृष्णाकाठ

आमच्याकडचं वेगळं आहे, पण धाग्याला धरून आहे.

शेअरिंग इकॉनॉमी हा शब्द आम्ही आत्ता ऐकला, वडाप आम्ही लहानपणापासून बघतोय. कराड, पाटण, मलकापूर, कुठल्याही नाक्यावर जीप उभी. माणसं भरली की सुटणार. मराठवाड्यात आणि खानदेशात त्याच जीपला काळी-पिवळी म्हणतात, त्यामुळे शीर्षक वाचून मला आधी तीच आठवली.

वडापने एसटीचे प्रवासी नेले. १९४८ पासून एसटी तोट्यातल्या गावालाही जाते, विद्यार्थ्यांना पास देते, म्हाताऱ्यांना सवलत देते. वडाप फक्त भरणाऱ्या रस्त्यावर, फक्त भरणाऱ्या वेळेला. एसटीने फेऱ्या कमी केल्या आणि आमच्या वाडीची संध्याकाळची गाडी बंद झाली. वडापवालाही आमच्याच गावचा पोरगा, त्याच्यावर राग धरता येत नाही.

पण एक फरक आहे. वडापचे पैसे गावात राहायचे. नाक्यावर नंबर लावणारा आमच्यातलाच, भांडण झालं तर सरपंचाकडे जाता यायचं. चौदा पासिंग भाऊ नऊ दिवस बसून राहिले, ते कुणाकडे जाणार होते?

तीन चाकी

पुणे. रिक्षा, सत्तावीस वर्षं. बाबा आढावांच्या रिक्षा पंचायत या संघटनेत घडलेला माणूस आहे.

अनुजाताई, तुमचं बरोबर आहे आणि मला त्याची लाज वाटते. मीटरप्रमाणे चालवणारे खूप होते, पण स्टँडवर आवाज दुसऱ्यांचाच मोठा होता.

आमच्यावर आलं ते बाइक टॅक्सीचं. खासगी, पांढऱ्या पाटीच्या दुचाक्या, परमिट नाही, बिल्ला नाही, अपघात झाला तर मागच्याला विमा मिळेल की नाही ते देवाला माहीत. २८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात आम्ही रिक्षा बंद ठेवल्या. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रॅपिडो या बाइक टॅक्सीच्या ॲपला विनापरवाना सेवा थांबवायला सांगितलं, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयातूनही त्यांना दिलासा मिळाला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला मान्यता दिली. आता ती नियमाने चालणार असेल तर माझी ना नाही. आमची पोरंच चालवणार आहेत.

दुसरी गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. रिक्षांकडून आता बरीच ॲपं कमिशन घेत नाहीत, रोजचे ठरलेले पैसे घेतात आणि भाडं पूर्ण आमचं. बेंगळुरूच्या नम्मा यात्री ॲपने ही वाट दाखवली, मग मोठेही तिकडे वळले. ऐकायला चांगलं आहे, मलाही पहिल्यांदा बरं वाटलं. पण डिलाईल रोड, तुमच्या वडिलांचा रात्रपाळीचा हिशोब वाचला आणि थबकलो. मालकाला रोजचा आकडा द्यायचा आणि उरेल ते घरी, हे तेच झालं ना? फक्त तेव्हा गाडी मालकाची होती, आता गाडीही माझी, हप्ताही माझा.

एडिसनकर

मी न्यूजर्सीत राहतो, कामाला रोज न्यूयॉर्कला. तिथे काय झालं ते थोडक्यात.

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीला मेडॅलियन लागतं, म्हणजे आपलं परमिट. शहराने त्यांची संख्या बांधलेली, म्हणून किंमत चढत गेली. २०१४ च्या सुमारास एकेक दहा लाख डॉलरच्या वर. चालकांनी, त्यात बांगलादेशी, पंजाबी, हैतीचे, कितीतरी स्थलांतरितांनी, कर्ज काढून ती घेतली. ॲप आल्यावर किंमत कोसळली, कर्ज तसंच. २०१८ मध्ये एकामागून एक चालकांनी आत्महत्या केल्या. विदर्भातल्या बातम्या वाचून मोठा झालेला मी, तिथे तशाच बातम्या इंग्रजीत वाचत होतो.

पण पुढचंही सांगायला हवं. त्याच वर्षी शहराने ॲपच्या नव्या गाड्यांना मर्यादा घातली आणि चालकांना किमान मोबदला ठरवून दिला. २०२१ मध्ये मेडॅलियनवाल्या चालकांनी सिटी हॉलसमोर उपोषण केलं, पंधरा दिवस. त्यानंतर तडजोड झाली. कर्ज १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणायचं आणि त्याला शहराची हमी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली पाहिजे, असा निकाल दिला. तिथेही कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही फक्त ॲप पुरवतो.

डिचोलीकर

गोव्यात उलटं आहे. आमच्याकडे मोठी ॲपं शिरू शकली नाहीत. २०१८ मध्ये पर्यटन महामंडळाने गोवा माइल्स हे ॲप आणलं, त्यालाही टॅक्सीवाल्यांचा विरोध झाला, तो आजही आहे. पेडणे तालुक्यातल्या मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. जमिनी पेडण्याच्या लोकांच्या गेल्या, मग टॅक्सीचं काउंटर कुणाचं, हा प्रश्न त्यांनी विचारला तर चुकलं कुठे?

तरीही मी टॅक्सीवाल्यांच्या बाजूने पूर्ण उभा नाही. मीटरसाठी न्यायालयाला वर्षानुवर्षं सांगावं लागलं. माझ्या आईला म्हापशाच्या इस्पितळातून डिचोलीला आणताना तोंडाला येईल तो आकडा सांगितला गेला. पर्यटक एकदा देऊन जातो, आम्हाला रोज राहायचं आहे. ॲप बाहेर ठेवल्याने चालक वाचला, प्रवासी नाही.

हिशोबनीस

डिचोलीकरांच्या प्रतिसादामुळे सांगायचं ते स्पष्ट झालं. ॲप हवं की नको, यात आपण अडकलो आहोत. हवं आहेच. प्रश्न त्याच्या वहीचा आहे, ती कुणी लिहायची आणि कुणी बघायची.

आणि या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. हमाल. एक हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांची पोती उचलतो. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, आला तर काम, नाही तर नाही. आज ॲप म्हणतं ते हेच. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हा मुद्दा लावून धरला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यात मालक कोण यावर वाद घालत बसले नाहीत. मंडळ काढलं. मंडळात हमालाचीही नोंद, व्यापाऱ्याचीही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, व्यापाऱ्याने मंडळात भरायची, मंडळाने हमालाला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, आजारपण, सगळं त्यातून. किती काम झालं आणि किती पैसे आले, याची नोंद तिसऱ्याकडे.

त्या मंडळांत पुढे काय काय शिरलं, दादागिरी, खोटे माथाडी, ते मला माहीत आहे. तरीही दहा मालकांच्या मजुराला म्हातारपणी पैसे मिळाले, हे त्या कायद्याने करून दाखवलं.

आता राजस्थानने २०२३ मध्ये गिग, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या कामगारांसाठी जो कायदा केला त्याचा सांगाडा असाच आहे. मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर शुल्क. कर्नाटकाने २०२५ मध्ये केला, त्यात कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के शुल्क आहे आणि काढून टाकण्याआधी चौदा दिवसांची कारणासह नोटीस. चौदा पासिंग, तुमचे ते नऊ दिवस आठवले. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. सुरुवात आहे, पण निधी म्हणजे वही नव्हे. रोजची वही बघायचा हक्क माथाडी मंडळासारख्या जागेतूनच मिळेल आणि ते मंडळ काढायला महाराष्ट्राला दुसऱ्या राज्याकडून शिकायची गरज पडू नये.

तीन चाकी

हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर केंद्रात मी कितीदा जेवलोय. ही तुलना माझ्या डोक्यात कशी आली नाही!

अनुजा_ठाणे

मंडळ होईल तेव्हा होईल. तोवर आपण प्रवासी काहीतरी करू शकतो का? चौदा पासिंग दादांनी आणि त्या गिऱ्हाइकाने दोन मोबाईल शेजारी धरले, तेच आपण लिहून ठेवलं तर? उतरताना चालकाला विचारायचं, तुम्हाला किती दिसतंय. तयार असेल तर दोन्ही आकडे, अंतर आणि वेळ इथे टाकायची. नाव नको, गाडीचा नंबर नको, ॲपचंही नाव नको.

डिलाईल रोड

करू या. वडिलांच्या वहीसारखेच रकाने आखतो: कुठून, कुठे, किलोमीटर, प्रवाशाने दिले, चालकाला मिळाले. पुण्यासाठी एक रकाना जास्त. तिथे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने २०२४ मध्ये ॲपच्या वातानुकूलित टॅक्सीचा दर ठरवून दिला, पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये. तो हिशोबही शेजारी लिहू.

चौदा पासिंग, तुमच्या ओळखीचे चालक देतील का?

चौदा पासिंग

देतील. आमच्या ग्रुपवर सांगितलं, चाळीसेक जण आहेत. काही घाबरतात, आयडी जाईल म्हणून. नाव येणार नाही म्हटल्यावर अकरा जण तयार झाले.

आजची एक देतो. गिऱ्हाईक चांगलं होतं, स्वतःहून मोबाईल दाखवला.

स्वारगेट ते बाणेर. १२ किलोमीटर. सकाळी ९.४०.
ठरलेल्या दराने होतात ३००.
प्रवाशाने दिले ३३८.
मला मिळाले २४१.